सासूबाई वर आल्या त्या दिवशी

फिलोमेना : आणि हे बटण कशाचं?

युडिथ : सायकलच्या सीटचं. बटण दाबून बसलं की सीट खाली जाते.

फिलोमेना : अगं बाई! गेली की! आणि परत वर?

युडिथ : उठून पुन्हा दाबा. सासूबाई, सकाळपासून तेच करताय. चढावर सीट वरच असू द्या ना.

फिलोमेना : बघायलाच आलेय, तर सगळं बघणार. नातीला माझ्या गळ्यात टाकून सूनबाई डोंगरावर दिवसभर काय दिवे लावतात, ते कळायला नको? माझ्या क्लेमेन्सला मी स्पष्ट सांगितलंय. आधी डोळ्यांनी बघेन, मग उन्हाळाभर पोरीला सांभाळायचं की नाही ते सांगेन.

युडिथ : आणि तुम्ही नाही म्हणालात, तर माझं वाटाड्याचं काम गेलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या.

फिलोमेना : तोंडावरून दिसतंच आहे. चल, पुढे हो. बॅटरीची सायकल असूनही धाप लागते होय गं?

युडिथ : बॅटरी नुसती मदत करते. पाय तुमचेच.

फिलोमेना : हा दाढीवाला कोण गेला? मला म्हणतो, 'दमलीस का?' माझ्या पोराच्या वयाचा!

युडिथ : इथे तसंच बोलतात. जंगल संपलं की अहो-जाहो संपलं. डॉक्टर असो नाहीतर पाद्री, वर सगळे 'तू'.

फिलोमेना : हे मला शिकवतेस? लग्नाआधी गाई घेऊन याच कुरणावर यायचे मी. मग तू मला 'तुम्ही' का म्हणतेस?

युडिथ : तुम्ही आहातच तशा.

फिलोमेना : कशा?

युडिथ : आधी जेवून घेऊ. रिकाम्या पोटी नाही सांगता यायचं.

फिलोमेना : इथले पावाचे गोळे, क्नोडल, बरे होते हो. माझ्यासारखे नाहीत, पण बरे होते. ऑर्टलरचं शिखर काय दिसतं इथून! आता उतरायचं कुठून?

युडिथ : ही काय, समोरच आहे वाट.

फिलोमेना : ही? ही तर एका माणसालाही पुरायची नाही!

युडिथ : म्हणून तर सिंगल ट्रेल म्हणतात. दाबा आता तुमचं बटण. सीट खाली, दोन्ही पेडल एका पातळीत. चाकाकडे बघायचं नाही, जिथे जायचंय तिकडे बघायचं.

फिलोमेना : आणि दरीकडे बघितलं तर?

युडिथ : दरीत जाल.

फिलोमेना : गिऱ्हाइकांशीही असंच बोलतेस?

युडिथ : त्यांच्याशी जरा गोड बोलते. चला. मी पुढे, तुम्ही मागे. अंतर ठेवा.

फिलोमेना : युडिथ! युडिथ, थांब! माझे हात सुटत नाहीयेत!

युडिथ : आले, आले. हलू नका.

फिलोमेना : हलतंय कोण! चाक दगडात अडकलंय. पाय कुठे टेकू? डावीकडे काहीच नाही गं!

युडिथ : डावीकडे बघू नकोस. फिलोमेना! इकडे बघ, माझ्याकडे. उजवा पाय डोंगराच्या बाजूला टाक. टाक म्हणते ना! हां. आता सायकल सोड. मी धरलीय. सोड की गं!

फिलोमेना : सोडली.

युडिथ : बस इथे. पाणी पी.

फिलोमेना : देवा रे देवा. बघितलंच मी दरीकडे.

युडिथ : मीही.

फिलोमेना : तू मला 'गं' म्हणालीस.

युडिथ : चुकून निघालं. माफ करा, मी...

फिलोमेना : आता पुन्हा 'करा' नको. मघाशी ओरडलीस तेव्हा धीर आला मला. एक विचारू? खरं सांगशील?

युडिथ : विचार.

फिलोमेना : इथे असताना लेकीची, रोझाची, आठवण येते?

युडिथ : खोटं सांगितलं तर माझं काम वाचेल.

फिलोमेना : खरं सांग.

युडिथ : उतारावर नाही येत. मुळीच नाही. तेव्हा डोक्यात फक्त वाट असते. पण खाली सफरचंदांच्या बागांपाशी पोचले की एकदम येते. इतकी, की घरापर्यंतही दम निघत नाही. आता मी वाईट आई असेन, तर असेन.

फिलोमेना : हं.

युडिथ : हं म्हणजे काय?

फिलोमेना : सायकल दे इकडे. दगड संपेपर्यंत ढकलत नेते. मग बसते.

(संध्याकाळ. घराच्या दारात क्लेमेन्स, कडेवर रोझा.)

क्लेमेन्स : आई! अगं, हा काय अवतार! गुडघा फुटलाय. पडलीस?

फिलोमेना : पडले, दगड संपल्यावर पहिल्याच वळणावर. तू आधी पोरीला तिच्या आईकडे दे. बघ, सायकल टाकून कशी धावत आली ती.

क्लेमेन्स : घे गं. हिनेही आज दिवसभर रडून घर डोक्यावर घेतलं होतं. मग आई, काय ठरलं तुझं?

फिलोमेना : सांभाळीन. उन्हाळाभर. मंगळवार सोडून.

युडिथ : खरंच?

क्लेमेन्स : मंगळवारी काय आहे?

फिलोमेना : मंगळवारी तू सांभाळायचंस. मी हिच्याबरोबर वर जाणार.

क्लेमेन्स : मी? दर मंगळवारी मला गोदामातून सुट्टी कोण देणार?

फिलोमेना : मागून तर बघ. तुझीही मुलगीच आहे ना ती?

क्लेमेन्स : अगं पण या वयात तू वर जाऊन करणार काय?

फिलोमेना : तू झाल्यापासून तुला सोडून एक दिवस कुठे गेले नाही रे मी. मला तुझी आठवण येते का, ते एकदा बघायचंय.