सूर धरणारा भाऊ

नाई नाई मास्तर, तुमी बसा, उभ्यानं आयकाची गोष्ट नाई हे. म्या मंगाशीच म्हनलं ना, मले तुमच्या साहेबाशी काम नाई, तुमच्याशीच हाय. थो मोठा बाजा, जो तुमी दोन गुडघ्यांत धरून गजानं वाजवता — त्याचा एक सूर पाह्यजे मले. घडीभर. घरी येऊन. माया भाऊ सहदेव बिमार हाय, त्याले आयकवाचा हाय. काहून म्हनता? सांगतो. पन मुळापासून सांगा लागीन, मले मधातून सांगता येत नाई.

काल सांजच्याला साहेबाच्या बंगल्यावर तुमी तिघं गोवेकर बसले होते — दोघांजवळ लहान बाजे, तुमच्याजवळ मोठा. मी कुंपनाबाहेर. अखरीले तुमी थे लहानसं वाजवलं — तोंडातला विडा विराच्या आत संपलं. लोकं म्हनतात, फिरंगी वाजवनं म्हंजे नुसती घाई. खोटं हाय. लय कशी होती सांगू? भरल्या गाडीच्या बैलाची — घाई नाई, पन थांबतही नाई. अन् गंधार उतरलेला, कोमल. आमच्याकडे असा गंधार लागला का बाया पदर डोयाले लावतात. वरचे दोघं एकमेकाच्या मांगं, एकानं म्हनलं का दुसरा थेच म्हने, अन् खाली तुमी — चारच सूर, पायरी-पायरीनं उतरत जाचे अन् पुन्हा वरून सुरू कराचे. वरचे कितीही रडो, खालचा बदलत नाई. वरच्याचं रडनं आयकू येते थे खालच्याच्यानं, मास्तर. एवढं समजाले मले पन्नाशी गाठा लागली, अन् थेही कुंपनाबाहेर उभं राहून.

आमी वलगावचे वाजंत्री. मी नत्थु, सनई वाजवतो. सहदेव लहाना, थो सूर धरे. धरनं म्हंजे — दुसऱ्या सनईवर एकच सूर, लगन लागून वऱ्हाड जेवून उठेपर्यंत. गालात हवा साठवाची, नाकानं श्वास घ्याचा, पन सूर तुटू द्याचा नाई. बत्तीस वर्सं धरला त्यानं. अन् गंमत पाहा, आमचं वाजवनं त्यानं कधी आयकलंच नाई — ज्याच्या तोंडात सूर, त्याच्या डोक्यात नुसती घुमघुम, समोरच्याले काय आयकू येते थे त्याले कसं समजन? आता म्हनते, दादा, एकडाव समोर बसून आयकाचं हाय. तू वाजव, सूर कोनीतरी धरा, मी आयकतो. बस, एवढंच मांगून राहिला. अन् गावात धरनारा नाई. जे होते थे सारे कापसाच्या मांगं गेले.

छातीत रुई हाय त्याच्या, वैद्य म्हनते. समुद्रापार कुठं लढाई पेटली अन् इकडे आपल्या कापसाले सोन्याचा भाव आला — तुमचे साहेब लोक त्याच्याचसाठी आले ना. तर अमरावतीले रुई भराले मानसाएवढाले बोरे टांगत, आत मानूस उतरवत, वरून रुई टाकत, अन् त्यानं पायानं तुडवाची, ठासून भरेपर्यंत. आत सारा रुईचा धुरळा. मानसं टिकत नोते. मुकादम पंजाबराव मले म्हने, नत्थुजी, दमाचा मानूस सांगा. म्या सांगतला. म्हनलं, माया भावाएवढा दम साऱ्या मुलखात नाई. बाकीचे नाकातोंडाले फडकं बांधत. सहदेवही बांधून राहिला होता — म्याच सोडवलं. आमच्या घराण्यात बापानं शिकवलं, वाजंत्र्यानं नाक बांधू नाई, दम मरते. बापाचं खरंच होतं, पन थे लगनाच्या मांडवातलं होतं, बोऱ्यातलं नाई. अन् त्याची सवय तर तुमाले सांगतली — तोंडात सूर, श्वास नाकानं. बोऱ्यातही थो गुनगुन सूर धरे, अन् बाहेरचे हमाल त्या सुरावर पावलं टाकत. हासत सारे. मीही हासलो, मास्तर.

पैशासाठी? नाई हो. तवा तर लगनंच लगनं, कुनब्यांच्या घरी हत्ती बांधाचा बाकी होता. मंग काहून धाडलं — थे जाऊ द्या. थे काही मोठं नाई. अकोल्याले भगवंतरावाच्या पोरीचं लगन होतं. वाजवून झालं तर आचारी आला, बेसनाच्या हातानंच, माया समोरून सरळ गेला अन् सहदेवच्या पाठीवर हात ठेवला. म्हने, वरचं कोनीही वाजवीन गड्या, हे खालचं हाय म्हनून आयकावं वाटते. एवढंच. मी तसाच उभा, सनई हातात. मंग पुढच्या लगनाले म्या एक ढोल वाढवला अन् घरी म्हनलं, आता सुराची गरज नाई. त्याच्याच मांगून मुकादमानं विचारलं. हे मी कोनाले सांगतलं नोतं. माया बायकोले, मनकर्णालेही नाई. तुमी परमुलखाचे म्हनून निघालं अशीन तोंडातून.

काल त्याचा खोकला थांबला तवा विचारलं त्यानं — दादा, मले सुरावरून काहून काढलं होतं? रागानं नाई. त्याले रागच येत नाई, हेच तर रडनं हाय. म्या म्हनलं, पानी पे.

हे काय — बाज्यावर खोळ चढवली तुमी? आताच निघता म्हनता, माया घरी? घर दूर हाय हो. नाई, म्याच बलावलं, कबूल हाय. पन थांबा जरासक. तुमी मांगं बसान, सूर धरान, मी वाजवीन. थो समोर. थो आयकन. बत्तीस वर्सात पहिल्यांदा आयकन, अन् त्या आचाऱ्याले जे समजलं थे त्याले समजन. मंग थो मायाकडे पाहीन. मंग काहून काढलं थे त्याले विचारा लागनार नाई.

ठेवा थो बाजा. ठेवा म्हनतो ना खाली. दोन दिवस काढले तर लई झाले त्याचे, वैद्यानं सांगतलं हाय. मी घरी जाऊन सांगतो, मास्तर नाई म्हनले.