सावलीत बसा की, जावईबापू

अहो, ढकलू नका. दार फुगलेलं नाही, गंजलेलं नाही, वाऱ्याने लागलेलं नाही — कडी मी लावलीय. मी, हो, मीच! इकडे जाळीतून बघा, ही काय बसलेय वरच्या पायरीवर. गुडघे कुरकुरतायत, तरी तुमच्या मागोमाग चढून आले, हळूच, चपला हातात घेऊन. काय म्हणालात? गंमत? असू द्या, गंमतच समजा. माझा स्वभाव तुम्हाला काय नवा आहे? पहिल्यांदा या घरात पाऊल टाकलंत तेव्हा तुमच्या चहात मी साखरेऐवजी मीठ घातलं होतं — आठवतं? आणि तुम्ही तो अख्खा कप संपवलात, घोट घोट, आणि वर म्हणालात, चहा फक्कड झालाय. मी आत जाऊन ह्यांना म्हटलं, मुलगा सोशिक आहे हो, आपली लेक सुखात राहील. सोशिक! आता कळतंय. सोशिक कसला, वाईटाला चांगलं म्हणायची सवयच होती तुम्हाला, तेव्हापासून.

फोन? करा की. कोणाला करणार? तुमच्या बायकोला? ती गेलीय कामावर, आणि आली धावत तरी कडी माझ्या बाजूला आहे. ह्यांना? ह्यांचा फोन हा बघा, माझ्या मांडीवर. वाजवून बघा पाहिजे तर — गाणं छान आहे, नातीने घालून दिलंय.

आणि मी खोटं काही बोललेली नाही हां. बालवाडीच्या बाई यायच्यात म्हटलं, त्या येणारच आहेत. वर जाऊन सोलरच्या काचा पुसून ठेवा म्हटलं, तर तुम्ही फडकं घेऊन टुणटुण आलात. पुसल्यात का पण? नाही पुसल्या! फडकं तसंच कोरडं, घडी पण मोडली नाही. आल्यापासून त्या कोपऱ्यात कठड्याला चिकटून उभे आहात. मी जाळीतून बघतेय ना सगळं, डोळे अजून शाबूत आहेत माझे.

कसलं ऊन आहे, नाही? गच्ची तापलीय, पाय भाजत असतील. घामाने शर्ट पाठीला चिकटलाय तुमचा. मग असं करा ना — सावलीत बसा. अहो, आहे की सावली! अख्ख्या गच्चीवर ती एकच तर आहे, आणि तीसुद्धा तुम्हीच केलेली. त्या काळ्या काचांच्या खाली, मोठी, गार, पाय पसरून बसावं अशी. जा, बसा. लोखंडी खांबाला पाठ टेका निवांत. बसा की, जावईबापू! — का हो? इथेच बरं आहे? उन्हात बरं आहे तुम्हाला? बरं. उभे राहा. मला घाई नाही.

तोवर मी बोलते. नाहीतरी या घरात मला बोलायची चोरी झालीय. हे सोलर बसवलंत त्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप लावून आहे. दुसरा कोणी असता ना, वाटेवरचा कोणी, तर मी त्याला फाटकातच सतरा प्रश्न विचारले असते. भाजी घेताना मी वांगी फिरवून फिरवून बघते, भाजीवाली मला बघून गाडी पुढे काढते! आणि इथे? इथे जावई म्हणाले, आई, तुम्ही काही बघू नका, घरचं काम आहे, बाहेरचे लोक लुटतात, मी निम्म्यात करून देतो. झालं. जावयाला पावती कोण मागणार? जावयाला कोण म्हणणार, ही तार एवढी बारीक का? हे तर म्हणाले, त्याच्यापुढे तोंड उघडशील तर बघ, लेकीला ऐकून घ्यावं लागेल. म्हणून मी गप्प. मी! गप्प! शेजारणीला वाटलं मला घशाचा आजार झाला.

तुमची माणसं आली, ड्रिल घेऊन वर चढली आणि घरघर करून स्लॅबला भोकं पाडून गेली. भोकं बुजवायची असतात हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. पहिल्या पावसात आमच्या पलंगावर टपटप. आम्ही दोघं म्हातारे पलंग घेऊन खोलीभर फिरतोय — आज या भिंतीला, उद्या त्या भिंतीला. तुम्हाला सांगितलं तर काय म्हणालात? आई, छत जुनं आहे. अहो, छत जुनं आहे, पण भोक नवं आहे ना!

मग ते कपाटाएवढं खोकं भिंतीवर टांगलंत. गुणगुण करतं. गुणगुणू दे म्हटलं, घरात कोणीतरी गाणारं हवंच होतं. पण ते तापतं हो. मी हात लावून बघितला, तव्यासारखं तापलेलं. आणि वास — प्लास्टिक जळल्याचा. वर तारा आहेत ना, त्या नुसत्या पिळून जोडल्यात आणि वरून काळी चिकटपट्टी. ती पट्टी उन्हाने सुटलीय, लोंबतेय माकडाच्या शेपटीसारखी. बघा, बघा तुमच्या डाव्या हाताला. लावू नका हात! बघा म्हटलं फक्त.

आणि त्या काचांच्या मागची चिठ्ठी. बसवल्या बसवल्या मी वर गेले होते, तुम्हाला माहीत नाही. मला कुठलंही लेबल दिसलं की नखाने खरवडायची खोडच आहे, बरणीवरचं असो नाहीतर औषधाचं. खरवडलं. तर खाली दुसरं लेबल! वेगळं नाव, वेगळे आकडे. मी चार बुकं शिकलेली बाई, अक्षराला अक्षर लावून वाचते, पण वरचं आणि खालचं नाव एक नाही एवढं मलाही वाचता येतं. कोणाच्या घरावरून उतरवून आणल्यात हो या? आणि ती कंपनी — वॉरंटी, वॉरंटी म्हणून नाचत होतात — तिचा फोन लावला मी. एक बाई म्हणते, हा नंबर अस्तित्वात नाही. मी म्हटलं, मी आहे अजून अस्तित्वात, माझं काय ते सांगा! तर ती पुन्हा तेच म्हणते.

हसू नका. हसताय? नाही? मग तोंड असं का केलंय? ऊन लागतंय होय. सावलीत बसा.

नाही ना बसत? मला माहीत आहे का नाही बसत ते. तुम्हालाही माहीत आहे. आता तुमच्या घरची गोष्ट सांगते. गेल्या खेपेला आले होते ना तुमच्याकडे, तुम्ही बाहेर होतात. नात मला गच्ची दाखवायला घेऊन गेली. मी बघते तर काय, तुमच्या गच्चीवर पण तसंच! पण तसं कुठे? जाड तारा, नळीतून नीट नेलेल्या. प्रत्येक भोकाला डांबर. आणि एक हिरवी तार — काचांच्या लोखंडी चौकटीपासून निघालेली, भिंतीवरून खाली, खाली, थेट जमिनीत, वर सिमेंटचं छोटं झाकण. नात म्हणते, आजी, ही अर्थिंगची तार. बाबा म्हणतात, ही नसली तर चौकटीला हात लावला की माणूस मरतो. एवढीशी पोर, पाठ करून ठेवल्यासारखं घडाघडा बोलली. बाबांनीच शिकवलंय ना!

घरी आल्यावर मी आमच्या घराभोवती हिरवी तार शोधत फिरले. मागची भिंत बघितली, नळाखाली बघितलं, कुंपणातून वाकून बघितलं. नाही. वर गेले. तर ती चौकटीला आहे! हिरवी, छान, नवी कोरी. वीतभर. एका पाइपच्या तोंडात खुपसलीय, आणि पुढे काहीच नाही. मी ओढली तर हातात आली, शेंडीसारखी! अहो, नसतीच लावली तर मी म्हटलं असतं विसरलात. पण ही दाखवायला लावलीत. तुम्हाला पक्कं माहीत होतं ती लागते म्हणून. तुमच्या डोक्यावर जमिनीपर्यंत आणि आमच्या डोक्यावर वीतभर!

माझी लेक त्या चांगल्या छताखाली राहते, म्हणून जिभेला अजून लगाम आहे. नाहीतर मला येतात त्या शिव्या ऐकून तुम्ही स्वतःच कठड्यावरून उडी मारली असती.

आणि ह्यांनी त्या दिवशी झारी उचलून कुंड्यांना पाणी घालता घालता नुसता त्या खांबाला आधार घेतला — ओला हात, म्हातारा माणूस, आधार घेणारच ना — तर असे फेकले गेले मागे, की कुंडी फुटली, झारी तिकडे, आणि हे इथे, या दाराशी, तोंड उघडं, डोळे उघडे, आणि —

बोलले. अरे देवा, बोलून गेले मी.

हो. घसरले नव्हते ते. तुम्हाला सगळ्यांना सांगितलं गच्चीवर शेवाळ होतं, पाय घसरला. कसलं शेवाळ? भर उन्हाळ्यात? डॉक्टरला सांगितलं घसरलो, लेकीला सांगितलं घसरलो. शुद्धीवर आल्या आल्या माझा हात धरला आणि म्हणाले, शपथ घे, पोरीला कळता कामा नये, ती त्याच्याशी भांडेल, घर मोडेल तिचं. मी घेतली शपथ. तुम्ही आलात त्यांना भेटायला, फळं घेऊन. पलंगावर बसलात आणि काय म्हणालात? बाबा, या वयात जरा जपून चालायचं. आणि ते हसले! म्हणाले, हो, चुकलंच माझं. मी दारात उभी होते, ट्रे हातात. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्या दिवशी तुमच्या चहात मीठ नाही घातलं, जावईबापू, काय काय घालावंसं वाटलं ते सांगत नाही.

त्यांचा उजवा हात अजून उघडत नाही. शर्टाची बटणं मी लावते. मी त्यांना चिडवते, म्हणते, नवरदेव, मान वर करा — आणि ते मान वर करतात, छताकडे बघत राहतात. कुंड्या मी खाली आणल्या एकेक करून. त्या खोक्याचं बटण मी बंद करून ठेवलंय, पण ऊन आहे तोवर वरच्या काचांत वीज येतेच, ते ऊन कुठल्या बटणाने बंद करू? तुम्हीच सांगा.

एवढं सगळं मी गिळलं. गिळलंच असतं पुढेही. पण परवा बालवाडीच्या बाई भाजीच्या गाडीशी भेटल्या. खूश होत्या. म्हणाल्या, तुमच्या जावयांनी अर्ध्या भावात कबूल केलंय. अंगणात लोखंडी मांडव घालणार, त्यावर काचा. वर वीज, खाली सावली, मुलं खांबांभोवती खेळतील. माझ्या सासऱ्यांच्या घरावर आहे ना तसंच, जावई म्हणाले, जाऊन बघून या. माझ्या हातातली टोपली खाली पडली. खांबांभोवती खेळतील! ओल्या हातांची पोरं. नळावर हात धुतात आणि तसेच धावत सुटतात ती, मी रोज बघते कुंपणातून. आणि तुम्ही बाईंना माझं घर दाखवायला पाठवता! माझ्या नवऱ्याचा हात गेला ती जागा दाखवायला!

पाणी? देते, आधी ऐका. फाटक वाजलं. ऐकलंत? आल्या बाई. — या बाई, वर या, सरळ वर! जिना उंच आहे, सावकाश या! — आता नीट ऐका, जावईबापू, हळू बोलते. काही समजावून सांगायचं नाही, काही दाखवायचं नाही. त्या येऊन या जाळीतून बघतील. तेव्हा तुम्ही नुसते त्या सावलीत जाऊन बसा. खांबाला पाठ टेकून, पोरं टेकतील तसे. बसलात तर मी माझा शब्द मागे घेते, कान धरते, बाईंना सांगते डोळे मिटून हेच लावा. आणि नाही बसवत, तर का नाही बसवत ते त्यांना सांगायचं. तुमच्या तोंडाने.

या बाई. इथे, माझ्या शेजारी. दम लागला ना? इथून बघा, या जाळीतून. ते आमचे जावई, आणि ती सावली. दोन्ही नीट बघा. बसा की हो, जावईबापू! बाई बघतायत. — बसा ना!

बघताय ना, बाई? अंगाची लाही होतेय माणसाच्या, पण —

अगं बाई, हे कोण मागून? अहो, तुम्ही कशाला उठलात? जिना कशाला चढलात? ऐकलंत? कधीपासून ऐकताय? … बरं. रागवा. मोडली मी शपथ, रागवा मला. पण आधी त्या कडीला हात — अहो, डाव्या हाताने नाही निघायची ती, घट्ट आहे. उजवा तर… द्या, मी काढते. तुम्ही नाही का काढू देणार? जावयाला उन्हात ठेवायचं नाही, होय? बरं. बरं, काढा तुम्ही. मी सरकते.

जावईबापू, पाठ फिरवू नका. इकडे बघा. माझ्याकडे नाही, या जाळीतून त्या कडीकडे बघा. बोटं कशी घसरतायत ते बघा.

निघाली. या आत, आणि आता बाईंना सांगा. मी नाही बोलत.