आमदारांचा तांब्या

परभणीच्या बसमध्ये निवृत्त व्यंकटराव गुरुजींच्या पुढच्या सीटवर वैष्णवी आपल्या काकूला मोबाईल दाखवत होती.

"बघ काकू, आमदार आदिनाथराव भाषण विसरले अन् अख्खा तांब्या प्याले!"

"अगं बया! मंग?"

"म्हणले, 'हां, आता आठवलं.' त्याचं मीम झालंय! उखाणा विसरलेल्या नवरदेवाच्या व्हिडिओला बी लोक हाच तांब्या चिकटवायलेत. दुबईतून बी एक मीम आलंय!"

"एका तांब्याचं एवढं? हे शिकला कुठं म्हणं?"

"चौथीच्या गुरुजींनी शिकवलं म्हणले. पण काकू, आज भाषणाच्या स्पर्धेत मी विसरले तर? लोक लय हसतील."

"त्याला हसायलेत, म्हणून बोलायचा थांबला का त्यो?"

चौथीतला अडखळणारा आदिनाथ गुरुजींना लख्ख दिसला. त्यांनी हळूच आपली पाण्याची बाटली पुढं केली.

"घे बाळा. आठवेना झालं की आधी पाणी पी, मग बोल."