डॉक्टरीणबाईंच्या टाकीतला किल्ला

माजं माहेर संगमेश्वराकडलं, भातशेतीवाले आमी, पऱ्यातले, म्हंजी ओढ्यातले मासे पकडून खायचे एवढंच ठाऊक, ते काचेत ठेवून बगत बसायचं असतं हे लगीन करून रत्नागिरीत आले तवा कळलं. न्हवरा मुंबईला फिशटँकच्या कारखान्यात शिकला, हितं येऊन दुकान काढलं, कागद धाकट्या भावाच्या नावानं केले, आनि चार वर्सांमागं वारला. आता दुकान भावोजींचं, माडीवरची खोलीपन त्यांचीच, मी आनि माजी लेक त्यात ऱ्हातो.

टाकीत ठेवायचे जांभ्याच्या तुकड्यांचे किल्ले, गुहा मीच चिकटवते. न्हवऱ्यानं शिकवलेलं, अगं, टाकीला साधं सिलिकॉन घे, ओलं असताना व्हिनेगरसारखा वास येतो ते, बाथरूमचं घेऊ नको, त्यात बुरशी मारायचं औषध असतं, ते माशांना बाधतं. चिकटवल्यावर वास पार जाईस्तोवर आठवडाभर सुकवायचं, मग बादलीत भिजवून पानी दोन-चारदा बदलायचं, तवा कुठं टाकीत.

काय सांगू तुमाला, एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात किल्ला द्यायचा व्हता. माजी सिलिकॉनची नळी संपली. भावोजींनी हार्डवेअरमधनं दुसरी आनली, वर बाथरूमचं चित्र, बुरशीचंपन लिवलेलं. मी म्हटलं भावोजी, हे चालनार नाय. ते म्हनले, वहिनी, सिलिकॉन ते सिलिकॉन, परवा टाकी द्यायची हाय, लावा. लावलं मी. ह्याच हातांनी लावलं, ठाऊक असून.

टाकी दिल्यावर तिसऱ्या दिवशी दवाखान्यातनं आमाला बोलावनं आलं, मासे वर येऊन तोंडं उघडायला लागलेले, मग एकेक आडवा. बाईंकडं तपासून घ्यायला आलेली पोरं रडत व्हती. भावोजी सगळ्यांदेखत म्हनले, वहिनीनं पानी नीट भरलं नाय. मी खाली मान घालून मेलेले मासे जाळीनं काढत ऱ्हायले. लेकीची बारावी, डोक्यावरचं छप्पर त्यांचं.

दोन दिवसांनी एकटीच दवाखान्यात गेले, बाईंना म्हटलं, किल्ला काढून टाका, पानी सगळं फेका, त्यातली वाळूपन ठेवू नका, चुकीचं सिलिकॉन हाय, मला म्हाईत व्हतं. त्या म्हनल्या, मग लावलंत का? मला रडूच आलं. त्यांनी पानी दिलं, म्हनल्या, नवीन टाकी तुमीच लावा, किती दिवस लागायचे ते लागूदेत.

भावोजींना कळलंच. म्हनले, एवढं खरं बोलायचं असंल तर दुसरीकडं काम बगा. कुठं बगू? दुसरं येतं काय मला? सातवी शिकलेली बाई मी. दुकानाची चावी आता त्यांच्याकडं असते, ते येईस्तोवर सकाळी पायरीवर बसते. नळ्या मात्र मीच आनते, त्यावर ते काय बोलत नायत.

लेक म्हनते, आये, मी कमवायला लागले की निघू. निघू, म्हनते मी. तुमी लिवून घेताय ते घ्या, तुमची पोरंबाळं सुखात ऱ्हावोत, पन भावोजींचं नाव तेवढं नका घालू. आमचं दोघींचं संध्याकाळचं जेवन त्यांच्याच घरात हाय.