सावकाश टेबल

आदरणीय अध्यक्ष महोदय, संस्थेचे सचिव, नव्याने रुजू होणाऱ्या अधीक्षिका, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या आजवरच्या अधीक्षिका, आमच्या बाई, समोर बसलेले पालक आणि कर्मचारी, आणि पहिल्या दोन रांगांत बसलेले या घराचे खरे मालक, म्हणजे इथे राहणारे सगळे जण, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

आज शनिवार, नऊ मार्च. सकाळी खुर्च्या मांडल्या, दहाला कार्यक्रम सुरू झाला. स्वागत झालं, पुष्पगुच्छ झाले, सचिवसाहेबांचं भाषण झालं. आता पालकांतर्फे मी दोन शब्द बोलावेत असं ठरलं आहे. इमारतींचे नकाशे काढण्यात माझं आयुष्य गेलं. माइकसमोर उभं राहायची ही पहिलीच वेळ. आवाज कापला तर सवय नाही म्हणून कापला, असं समजावं.

माझी धाकटी बहीण, कायम कोणाची तरी सोबत लागणारी, इथे राहत होती. डिसेंबरात ती गेली.

घरी आम्ही तिला बेबी म्हणायचो. चाळिशी उलटली तरी बेबीच. इथे आली त्या दिवशी बाईंनी तिला विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचं आम्ही?" हा प्रश्न आमच्या घरात तिला कोणी विचारला नव्हता. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मॅडम." मग काय, स्वयंपाक्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे मॅडम म्हणू लागले. सुट्टीत घरी आली की आई कपाळावर हात मारायची, "आता हिला पाणीसुद्धा हातात नेऊन द्यायचं!" हसा, हरकत नाही. तीही हसली असती.

मॅडमना गिळायला त्रास होता. लहान घास, सरळ मान आणि भरपूर वेळ, एवढंच लागायचं. तिच्यासारखे इथे आणखी चौघं आहेत. त्यांच्यासाठी बाईंनी खिडकीपाशी वेगळं टेबल लावलं होतं. त्याला सगळे सावकाश टेबल म्हणत. तिथला नियम एकच. जो कर्मचारी तिथे बसेल त्याने आपलंही जेवण तिथेच, त्यांच्याबरोबर जेवायचं. मी विचारलं, असं का? बाई म्हणाल्या, "अहो, उभा माणूस घड्याळ बघतो. जेवायला बसलेला माणूस समोरच्याचं तोंड बघतो."

मी एकदा तिथे बसलो होतो आणि मला निघायचं होतं. तर मॅडम म्हणाल्या, "दादा, गाडी चुकतेय ना तुझी? मग जा की. माझ्या घासाला कशाला पळवतोस?"

मग ऑक्टोबरात संस्था बघायला पाहुणे आले. त्यांच्यापैकी कोणीतरी म्हणालं, यांना वेगळं का बसवता, हा भेदभाव नाही का? मनातला हेतू चांगलाच होता. फोटोसाठी सगळ्यांना एका लांब टेबलाशी बसवलं. एका दिवसापुरतं, असं बाईंना सांगितलं होतं. फोटो छान आला. दाराशी लावला आहे, येताना आपण पाहिला असेल. टेबल मात्र परत लागलं नाही. बाईंनी पुन्हा पुन्हा मागितलं. कार्यकारिणी म्हणाली, सगळे एकत्र जेवतात, हेच आता आपलं धोरण. एकत्र जेवायला कोणाची ना आहे? पण सगळ्यांनी एकाच वेळी ताट संपवायचं, याला एकत्र जेवणं म्हणायचं का?

डिसेंबरात पावाचा तुकडा मॅडमच्या घशात अडकला तेव्हा जेवणघरात एकच कर्मचारी होता आणि तो दुसऱ्या टोकाला वाढत होता. माझा त्याच्यावर राग नाही. एक माणूस दोन टोकं कशी सांभाळणार?

मला फोन आला की हृदय बंद पडलं. दवाखान्यात सचिवसाहेबांनी खांद्यावर हात ठेवून तेच सांगितलं. शेवटी कोणाचं बंद पडत नाही? मग बाई आल्या. बसल्याही नाहीत. म्हणाल्या, "घास अडकला. जवळ कोणी नव्हतं. आपलं टेबल असतं तर कोणीतरी असतं."

सचिवसाहेब, चिठ्ठी मिळाली. वेळ संपली हे कळलं. दोनच मिनिटं. आणि मास्तर, या घराचे मालक असलात तरी तुम्ही पहिल्या रांगेतून "पुरे" म्हणून ओरडू नका, जेवायला अवकाश आहे अजून.

बाईंची निवृत्ती पत्रिकेत 'स्वेच्छेने' अशी छापली आहे. इच्छा कोणाची, हे मी विचारणार होतो. पण काल बाईंनीच बजावलं, "माझ्यासाठी भांडू नका. टेबलासाठी भांडा." म्हणून बाई, तुम्हाला एवढंच सांगतो. तुम्ही खरं सांगितलंत, म्हणून मला रडता आलं. खोट्या कारणावर रडू येत नाही हो, नुसतं कोंडल्यासारखं होतं.

आता अध्यक्ष महोदय, एक प्रश्न. ते चौघं आज दुपारीही त्याच लांब टेबलाशी बसणार आहेत. सोमवारी मॅडमच्या खोलीत नवी मुलगी येते आहे. तिची आई तिसऱ्या रांगेत बसली आहे. मघाशी तिने मला विचारलं, "माझी लेक फार हळू जेवते. चालेल ना इथे?"  त्या आईला काय सांगू? सावकाश टेबल परत लावणार का?

काही म्हणालात? माइक जरा जवळ घ्या. "कार्यकारिणीत विचार करू." बरं. मागच्यांना ऐकू आलं? कार्यकारिणीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. जेवण साडेबाराला आहे.

नव्या अधीक्षिका काही सांगताहेत. "आज मी बसते त्यांच्याजवळ." आभारी आहे. आणि उद्या, ताई? ... "टेबल असेल, तर उद्याही कोणीतरी बसेल. ते माझ्याकडे लागलं."

मला एवढंच हवं होतं.

आपण मला बोलू दिलंत, चिठ्ठी पाठवूनही बोलू दिलंत, याबद्दल सर्वांचे आभार. सभेत कसं बोलावं हे मला कळत नाही. कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं.

अध्यक्षीय भाषण सुरू होऊ द्या, कोणी उठू नका. टेबल वरच्या मजल्यावर अडगळीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं आहे. पाय दुमडतात त्याचे. जिन्यावरून एकट्याला आणता येईल. मी आणतो.