अळणी पातोडी

(जेवायची वेळ टळून गेलेली. शाळेत स्वयंपाक शिकवणाऱ्या विमलताईंचं स्वयंपाकघर. त्यांचे चुलत दीर पुंडलिकराव ताटावर बसलेले.)

पुंडलिकराव : मीठच नाही वहिनी याच्यात. तुमच्या हातची पातोडी अन् अळणी?

विमलताई : कुठून वाढून घेतलं तुम्ही? मी मागे दोरीवरचे कपडे काढत होते.

पुंडलिकराव : हे काय, कोपऱ्यातलं पितळी पातेलं. झाकण काढलं, वास आला, घेतलं. सकाळपासून शाळेत त्या परीक्षेच्या बाईइच्या मागं मागं हिंडून राह्यलो, पोटात कावळे वरडून राह्यले. मसाला झकास जमला हं. खसखस बी बराबर. जरासं मीठ द्या फक्त.

विमलताई : नीट चाखा भाऊजी. मीठ जास्त तर नाही झालं?

पुंडलिकराव : थट्टा करता काय? चिमूटभर बी नाही. रश्श्यात नाही अन् वडीत बी नाही.

विमलताई : आणखी एक घास घ्या. मला खात्री पाहिजे.

पुंडलिकराव : घेतला. नाही. आता काय गणपतीसमोर शपथ घेऊ?

विमलताई : ही माझी पातोडी नाही. कौसल्येची आहे, आजच्या प्रात्यक्षिकातली. घरी निवांत चाखावी म्हणून झाकून आणली होती.

पुंडलिकराव : कोणती कौसल्या?

विमलताई : उकंडाची. तुमच्या शेतात कापूस वेचतो तो उकंडा.

पुंडलिकराव : अरे देवा. सांगायचं नाही का वहिनी?

विमलताई : विचारायचं नाही का? बसा. चूळ मग भरा, मोरी कुठे पळून जात नाही. तुमच्या अमरावतीच्या बाई याच पातेल्यात चमचा घालून सगळ्या मुलींसमोर काय म्हणाल्या, ठाऊक आहे? मीठ जास्त झालंय, तोंडात घालवत नाही. नापास केलं पोरीला.

पुंडलिकराव : चुकल्या असतीन.

विमलताई : खारट आणि अळणी यात कोण चुकतं? दुधखुळं पोरही चुकत नाही. चमचा तोंडाला लावलाच नाही त्या बाईनं. स्वयंपाक बघायच्या आधी एकेकीला बापाचं नाव विचारत होत्या, कुठल्या आळीत राहता विचारत होत्या. मला वाटलं, कौतुकानं विचारतायत. मी तेव्हा पलीकडच्या चुलीपाशी होते.

पुंडलिकराव : बाई सोवळ्याच्या आहेत. माझ्याच घरी उतरल्या, मले मालूम आहे. पाणी बी आपल्या तांब्यातलं पेतात.

विमलताई : मग स्वयंपाकाची परीक्षा घ्यायला कशाला आल्या? रांगोळीची घ्यायची.

पुंडलिकराव : हळू बोला.

विमलताई : संध्याकाळच्या बसनं त्या जातील. त्याआधी तुम्ही त्यांना सांगा, पातोडी चाखा आणि मग गुण द्या. तुम्ही शाळेचे अध्यक्ष आहात. ही पोरगी नापास झाली की यवतमाळचं ट्रेनिंग गेलं. उकंडा तिला याच उन्हाळ्यात उजवून मोकळा होईल. माझ्या हाताखालून मास्तरीण व्हायला निघालेली त्या वस्तीतली पहिली पोरगी आहे ती.

पुंडलिकराव : असं करतो. बाईइच्या कानावर घालतो, गरीब आहे, ढकला पुढं म्हणून. माझा शब्द नाही मोडायच्या. बोभाटा कायले?

विमलताई : मेहरबानी नको. मीठ नाही म्हणून गुण कापा. कापलेच पाहिजेत, मीच शिकवलंय तिला. पण तोंडात घालून कापा.

पुंडलिकराव : त्या कशा घालतीन तोंडात? अन् एक सांगा. ते लोक नागपूरले गेले, दीक्षा घेऊन आले, देव पाण्यात सोडले. आपला प्रसाद घेत नाहीत. मंग आपण त्याइच्या हातचं नाही खाल्लं तं आपलंच काहून वाईट?

विमलताई : प्रसाद खारट आहे असं खोटं सांगून नाही सोडला त्यांनी. सरळ सांगून सोडला. आणि त्यांनी वेचलेला कापूस तुम्हाला चालतो. कोरडा ना तो! कोरडं चालतं, ओलं चालत नाही. बाईंच्या तोंडून खोटं निघालं, ते मात्र चाललं.

पुंडलिकराव : तुमी बी फार ताणता वहिनी. मले मळमळून राह्यलं आहे इथं.

विमलताई : मला पण मळमळतंय. तुमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिची लुगडी कोण धुवायचं? मी. गावातल्या निम्म्या बाळंतिणींचं केलं, कुणाचं काय काय हातानं काढलं. कधी नाक मुरडलं नाही. आज किळस आली, भाऊजी. माणसांची आली. तुमची बायको माझ्याच वर्गात वरण फोडणीला टाकायला शिकली. तिलाही हेच शिकवलं का मी इतकी वर्षं?

पुंडलिकराव : बायकोले यातलं काही सांगू नका. पाया पडतो.

कौसल्या : बाई, येऊ का? पातेलं न्यायले आली. मायनं धाडलं, शेजारणीचं आहे म्हणे.

विमलताई : आत ये, कौसल्या. उंबऱ्यात नको उभी राहू.

कौसल्या : नाही, काकाजी जेवून राह्यले.

विमलताई : ये म्हणते ना. मीठ किती टाकलं होतंस गं?

कौसल्या : मले आठवतच नाही बाई. चूल विझू विझू होऊन राह्यली होती, फुंकता फुंकता डोळे भरून आले. मले वाटे, टाकलंच नाही. पण त्या बाई म्हणल्या जास्त झालं. मंग मीच दोनदा टाकलं असन. घरी बी तसंच सांगतलं. एवढ्या शिकलेल्या बाई, खोटं कायले बोलतीन?

विमलताई : सांगा भाऊजी तिला.

पुंडलिकराव : काय सांगू?

विमलताई : जे मला सांगितलंत ते.

पुंडलिकराव : नव्हतं मीठ, पोरी.

कौसल्या : तुमाले कसं मालूम, काकाजी?

पुंडलिकराव : वहिनीनं सांगतलं.

विमलताई : मी अजून चाखलं नाही, कौसल्या. हे ताट त्यांचं आहे. झाकण लाव आणि पातेलं उचल. बस सुटायची आहे अजून, स्टँडवर बाईंना गाठू.

पुंडलिकराव : वहिनी, तिथं सारं नेर गाव जमलं असन. घरादाराचा तमाशा होईन. तुमची नोकरी बी राह्यची नाही, मी काही करू शकणार नाही, सांगून ठेवतो.

विमलताई : बरं. पदर नीट घे गं. ऊन आहे.

कौसल्या : बाई, आता टाकून घेऊ का मीठ?

विमलताई : नको. जशी आहे तशीच ने.