शेजारचा ब्रेक

काकू : ...भाचीच्या लग्नाला गेलो तरी टपावर पाटी. नवरीच्या गाडीमागोमाग आमची ठमी, म्हणजे यांच्या ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी, आणि तिच्या डोक्यावर ही एवढी मोठी पाटी, 'शिकाऊ'. अल्बममध्ये नवरीच्या आधी पाटी दिसते. मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न मारून पुढं जातो आणि जाता जाता माझ्याकडं बघून मान हलवतो. केस पांढरे झाले माझे, तरी अजून शिकाऊच. म्हणून म्हणते, मोठी गाडी दाखव. बघून लोकांनी बाजूला व्हावं अशी.

शोरूमवाला : मग ही बघा काकू. वापरलेली आहे असं सांगितल्याशिवाय कळायचं नाही. सनरूफ, लेदरच्या सीटा, सगळं आहे. एका डॉक्टरांची होती. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर, एवढीच फिरली.

मास्तर : मघाची पांढरी कुणाची होती?

शोरूमवाला : तीही डॉक्टरांचीच.

मास्तर : आणि ती निळी?

शोरूमवाला : ते दातांचे होते.

मास्तर : म्हणजे आजारी पडलो तर इथंच यायला हवं. दवाखान्यात कोणी उरलेलं दिसत नाही.

काकू : अहो, गाडी बघायला आलोय आपण.

मास्तर : बघतोय की. हाफक्लच, तो शेजारच्या सीटचा दरवाजा उघड.

शोरूमवाला : मास्तर, एवढ्या वर्षांत नाव विसरलात ना माझं?

मास्तर : नाव कधी माहीतच नव्हतं. शिकायला आलास तेव्हा चढावर अर्धा क्लच दाबून झोपी जायचास. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये माणूस चुकीवरून लक्षात राहतो. तुझ्या आधीच्या बॅचला एक आरसाचोर होता, आरशात बघायचाच नाही. आता न्यायाधीश आहे.

शोरूमवाला : काकू, मी शेवटच्या दिवशी रडलो होतो, माहितीय? मास्तरांची रीतच होती. शेवटच्या दिवशी त्यांच्या बाजूच्या ब्रेकवरचा पाय उचलायचे, सीटवर मांडी घालायचे आणि पेपर उघडायचे. मांडी घातली की समजायचं, शिकलो. भर बाजारात मास्तर राशिभविष्य वाचतायत आणि गाडी माझ्या एकट्याच्या हातात.

काकू : सांगू नकोस. ऐकून ऐकून पाठ झालंय.

मास्तर : सीट उंच आहे. ही बरी आहे.

काकू : म्हणून तर आलोय. ठमीतून यांना बाहेर काढायचं म्हणजे दोन माणसं लागतात. एक ओढायला आणि एक यांची बोलणी खायला. गुडघा गेलाय. डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर दुसऱ्यांचे ब्रेक मारलेत, आता गुडघा बदलावाच लागेल. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. मग दवाखान्यात नेणं, आणणं, डबा पोचवणं, सगळं मला एकटीला करायचंय. लायसन्स मिळाल्यापासून मी एकटी एकदाही गाडीत बसलेली नाही. हे शेजारी असतातच.

मास्तर : मग ऑपरेशन थोडं पुढं ढकलू.

काकू : बघ. गुडघा यांचा, आणि घाबरलेत गाडीसाठी.

मास्तर : हाफक्लच, इथं एक पेडल बसेल का?

शोरूमवाला : कुठं?

मास्तर : इथं, माझ्या पायाशी. ठमीला आहे तसं. आपला मेकॅनिक बसवून देईल, एक पट्टी आणि एक वायर. फक्त हा गालिचा कापावा लागेल.

शोरूमवाला : मास्तर, ही लक्झरी गाडी आहे. हिच्या गालिच्याला आम्ही शाम्पू लावतो. आणि गरज काय? ही सगळं स्वतः बघते. कडेला गेलात तर ओरडते, लेन सोडली तर स्टिअरिंग हलवून जागं करते, समोर काही आलं तर आपोआप थांबते. रस्ता सांगायला आत बाईचा आवाज आहे. सीट गरम होते.

मास्तर : सीट गरम होते ही सोय झाली की बिघाड?

काकू : ओरडते, हलवून जागं करते, रस्ता सांगते. म्हणजे हे जे जे करतात ते सगळं. टोमणे मारते का?

शोरूमवाला : नाही काकू.

काकू : मग चालवून बघू या.

(रस्त्यावर. काकू स्टिअरिंगवर, मास्तर शेजारी, शोरूमवाला मागच्या सीटवर.)

काकू : किती उंच वाटतं हो. बसच्या ड्रायव्हरशी नजरानजर होते.

मास्तर : रस्त्याशी कर. आरसा बघ.

काकू : बघितला.

मास्तर : बघितल्यासारखं केलंस.

काकू : बघा, बघा, तो टेम्पोवाला बाजूला झाला. आपणहून.

मास्तर : त्याला वळायचं होतं.

काकू : असू दे. तो बाजूला झाला असंच मी धरते.

शोरूमवाला : काकू, झकास चालवताय. आणि क्लच नसल्यामुळं किती सोपं आहे बघा.

मास्तर : तुझ्यासाठीच बनवलेली दिसते. पुढं गाद्यांचा ट्रक उभा आहे.

काकू : दिसतोय.

मास्तर : उभा आहे म्हणतोय मी.

काकू : आणि मी दिसतोय म्हणतेय.

मास्तर : अगं, अगं, अगं—

शोरूमवाला : आई गं.

काकू : थांबली. एवढं काय ओरडायचं? बघ रे, यांचं हे असं. तोंडानं सगळं जग गोळा करतील, पण ब्रेक कसा अगदी वेळेवर मारला.

मास्तर : कोणी मारला?

काकू : तुम्ही.

मास्तर : माझ्या पायाखाली गालिचा आहे. मघापासून गालिचाच दाबतोय मी. ब्रेक तू मारलास.

काकू : मी कशाला मारू?

शोरूमवाला : ब्रेक गाडीनं मारला. तुम्ही दोघं भांडून घ्या, हरकत नाही, पण आधी ही कडेला घ्या. ट्रकवाला खाली उतरून आपल्याकडं बघतोय.

मास्तर : घे कडेला. इंडिकेटर दे. आता मला नीट सांग, तुझा पाय कुठं होता?

काकू : जिथं असतो तिथं. वेगाच्या पेडलवरून उचलला आणि बाजूला ठेवला.

मास्तर : बाजूला म्हणजे ब्रेकवर?

काकू : बाजूला म्हणजे बाजूला. वेग मी कमी करते, थांबवता तुम्ही. पहिल्यापासून तसंच आहे.

मास्तर : पहिल्यापासून? आणि मी आजवर सगळ्यांना सांगत आलो की माझ्या बायकोइतका अलगद ब्रेक कोणी मारत नाही.

काकू : अलगद असणारच. तुमचाच पाय तो.

शोरूमवाला : म्हणजे काकूंना ब्रेक मारताच येत नाही?

काकू : येत नाही कशाला? कधी वेळच आली नाही. मी पाय हलवीपर्यंत यांनी दाबलेला असायचा. दोन-चार वर्षं मी प्रयत्न केला, मग म्हटलं, एवढी हौस आहे तर मारू देत.

शोरूमवाला : मास्तर, तुम्ही काकूंच्या वेळी मांडी नाही घातलीत?

मास्तर : तू जरा खाली उतरून टायर बघ.

शोरूमवाला : टायर चांगले आहेत मास्तर, बदललेत.

काकू : बसू दे त्याला. तो विचारतोय ते बरोबर आहे. अख्ख्या गावाला मांडी घालून दाखवलीत. ज्याला डावं-उजवं कळत नव्हतं त्या खाटकासाठीसुद्धा घातलीत. माझ्यासाठी कधी नाही. मी इतकी वाईट चालवते?

मास्तर : नाही.

काकू : मग?

मास्तर : आरसा जरा खाली आलाय तुझा.

काकू : आरसा राहू द्या. मी विचारतेय.

मास्तर : हे बघ. मांडी घातली की दुसऱ्या दिवसापासून तो माणूस येत नाही. रोज तास-तास शेजारी बसलेला माणूस, त्याच्या घरचं सगळं आपल्याला माहीत, सासूच्या दम्यापासून. आणि एकदा गाडी आली की रस्त्यात हातसुद्धा करत नाही. हा आपला हाफक्लच. आज किती वर्षांनी दिसतोय.

शोरूमवाला : मी येणार होतो मास्तर. राहूनच गेलं.

मास्तर : तुला दोष देत नाही. शिकवणं म्हणजे तेच, समोरच्याला आपली गरज उरता कामा नये. ते मी सगळ्यांच्या बाबतीत चोख केलं. पण अगं, तुझ्या बाबतीत मला ते करायचं नव्हतं. रोज संध्याकाळी आपण ठमीतून चक्कर मारायचो, तू बोलायचीस, मी ब्रेक मारायचो. मला ते आवडायचं. तू शिकली असतीस तर म्हणाली असतीस, तुम्ही बसा घरी, मी येते जाऊन.

काकू : आणि गेले असते कुठं? गॅसवर दूध ठेवून?

मास्तर : ते मला कसं माहीत असणार. कधी जाऊच दिलं नाही.

काकू : अहो, मग तसं सांगायचं ना. मी आपली इतकी वर्षं समजतेय की माझ्यातच काहीतरी कमी आहे. कोणी विचारलं, गाडी येते का, तर मी 'थोडी थोडी' म्हणायची. थोडी थोडी.

मास्तर : चुकलं माझं.

काकू : हाफक्लच, ऐकलंस ना? साक्षीदार आहेस तू. आता तुमच्या शोरूमच्या मागं पटांगण आहे ना, तिकडं घेते गाडी. आणि ते आपोआप थांबायचं बंद कर. ब्रेक मी मारणार.

शोरूमवाला : बंद करतो काकू. मागं मोकळंच आहे, पण भिंत आहे एक.

काकू : मग भिंतीपर्यंत थांबायला शिकेन. तुम्ही शिकवा हो. पैसे घेतलेत माझ्या वडिलांकडून तेव्हा.

मास्तर : लग्नाआधी घेतले होते. बरं, आलं पटांगण, आता हळू. ती भिंत दिसतेय? तिच्या बऱ्याच आधी. टाच खाली टेकवलेली, पुढचा पाय पेडलवर. दाब.

शोरूमवाला : माझं नाक.

मास्तर : पट्टा लाव. तू माझा विद्यार्थी आहेस, लोकांना सांगू नकोस. पुन्हा. लाथ मारायची नाही. पिठाच्या डब्याचं झाकण बसवतेस ना, तसं, आधी हलकं, मग पक्कं.

काकू : असं?

मास्तर : पुन्हा एकदा. हां. आणखी एकदा.

काकू : आता?

मास्तर : आता... आता ठीक आहे.

काकू : ठीक?

मास्तर : छान आहे. माझ्यापेक्षा अलगद.

काकू : मग घाला मांडी.

मास्तर : काय?

काकू : सगळ्यांना घातलीत, मला घाला. पेपर नसला तर या गाडीचं माहितीपत्रक वाचा.

मास्तर : अगं, गुडघा वळत नाही.

काकू : थोडासा?

मास्तर : इथपर्यंत येतो. पुढं नाही. हाफक्लच, हसू नकोस.

शोरूमवाला : हसत नाही मास्तर. मदत करू का, पाय उचलायला?

मास्तर : उचलून घातलेली मांडी ती कसली मांडी. थांब. दरवाजा उघड. मी उतरतो.

काकू : अहो, रागावलात?

मास्तर : रागावलो नाही. मांडी घालता येत नाही म्हणून उतरतोय. बघ, कसा आपला आपण उतरलो, कोणी ओढायला लागलं नाही. ही गाडी चांगली आहे. हाफक्लच, तूही उतर.

शोरूमवाला : मास्तर, कंपनीचा नियम आहे, गाडीत आमचा माणूस लागतो.

मास्तर : ठमीची किल्ली ठेव तारण.

शोरूमवाला : ठमीच्या बदल्यात ही?

मास्तर : ठमीत अर्धं गाव शिकलंय. घे, धर किल्ली.

शोरूमवाला : तुम्ही सोडली तर धरीन ना मास्तर.

मास्तर : हं. सोडली. उतर आता.

काकू : मी खरंच जाऊ?

मास्तर : आरसा. पट्टा. आणि बाहेरच्या रस्त्याला... काही नाही. जा तू.

शोरूमवाला : गेल्या. मास्तर, उन्हात उभे राहू नका, खुर्ची आणतो.

मास्तर : नको. इथून चौक दिसतो.

शोरूमवाला : येतील व्यवस्थित. मी उगाच सांगत नाही, मला भीती माझ्या नोकरीची वाटतेय, त्यांची नाही.

मास्तर : सिग्नल लाल झाला.

शोरूमवाला : दिसतोय.

मास्तर : पुढं स्कूटर आहे.

शोरूमवाला : त्यांनाही दिसत असेल.

मास्तर : लागले.

शोरूमवाला : काय लागले?

मास्तर : मागचे दिवे. तिनं दाबला.

शोरूमवाला : हो की. आणि स्कूटरपासून अंतर बघा केवढं ठेवलंय. आमच्यातल्या कोणी ठेवलं नव्हतं.

मास्तर : एवढी वर्षं मी आतच बसलेला. तिचे हे दिवे मला कधी दिसायचेच नाहीत.

शोरूमवाला : सुटला सिग्नल. आता डावीकडं वळल्या की वळसा घालून येतीलच.

मास्तर : सरळ गेली.

शोरूमवाला : सरळ? मास्तर, सरळ हायवे लागतो. फोन करू का काकूंना?

मास्तर : चालवताना फोन घ्यायचा नाही हे तिला मी पहिल्या दिवशी शिकवलंय. जाऊ दे तिला. ही गाडी आता दुसऱ्या कोणाला दाखवू नकोस, आणि मला ती खुर्ची आण.